सातवी पास

बेलापूरच्या सूर्यभानाला एकाच काळजीने घेरलं होतं. लेक लंका बी.एस्सी. झाली होती आणि सांगून आलेलं स्थळ मॅट्रिक नापास होतं. नवऱ्यापेक्षा शिकलेली बायको करतो कोण? मग त्याने मध्यस्थाला ठोकून दिलं, "पोरगी सातवी पास हाय."

लंकाचं चित्त मात्र पुण्यात होतं. तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी, पाहुणे बघायला येणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी, परीक्षा होती. कॉलेजच्या सरांनी दिलेल्या पुस्तकावरून ती फोर्ट्रान नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. पण 'एन बरोबर एन अधिक एक' या ओळीपाशी घोडं अडलं होतं. कुठलीही संख्या स्वतःपेक्षाच एकाने मोठी कशी असेल?

पाहुणे आले. त्यांना धान्याची रास दिसावी म्हणून सूर्यभानाने मुद्दाम त्याच दिवशी कानिफनाथ मापाऱ्याला अंगणात बाजरी मापायला बसवलं होतं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही रीत. "लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन..." माप भरेपर्यंत तो तोच आकडा घोळवी. पुढचं माप ओतलं की जुन्या आकड्यात एक मिळवून नवा आकडा तोंडी धरी.

पोह्यांची बशी पुढे करताना लंका थबकली. अरे, हे समीकरण नव्हतंच! हा हुकूम होता. आहे त्यात एक मिळव आणि त्याच जागी ठेव!

"कळलं! आत्या, फोर्ट्रान कळलं मला!"

"काय कळलं म्हनं?" मुलाच्या चुलत्याने विचारलं. लंकाने सगळं सांगितलं, बी.एस्सी.सकट. पाहुणे चहा न घेता उठले.

"पुण्याचं नाव काढलंस तर तंगडी मोडीन!" सूर्यभान गरजला.

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी लंकाची आत्या, म्हणजे सूर्यभानाची थोरली विधवा बहीण दगडाबाई, बोलली.

"सूर्यभाना, बाजरी दावलीस अन् पोरीची अक्कल झाकलीस! शिकलेलीला नवरा मिळत न्हाई म्हनून आबांनी मला शाळेत घातलं न्हाई. मालक गेल्यावर दिरानं कागदावर अंगठा घेतला अन् माझं रान गेलं. तवा कुनाची अब्रू राखली रं माझ्या अडानीपनानं?"

सूर्यभान रडला. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तो लेकीला घेऊन पुण्याला गेला.

"परीक्षा झाली. जागाही भरल्या," तिथल्या माणसाने सांगितलं.

"पोरी, माझ्यामुळं तुझं लई नुकसान झालं."

"व्हय दादा," लंका म्हणाली, "झालं."

वाचकहो, सूर्यभान सुधारला. पुढच्या स्थळाला त्याने लेकीचं खरं शिक्षण सांगितलं. ते स्थळ फिरलं, तरी पुढच्यालाही तेच सांगितलं. पण लंकाला ती संधी पुन्हा मिळाली नाही. लेकीची हुशारी झाकणाऱ्या बापांनो, पश्चात्तापाने तुम्ही माणसात याल, पण तिची गेलेली वेळ त्याने परत येणार नाही. शहाणपण यायचंच असेल, तर ते वेळेवर येऊ द्या!