गजराला न उठलेला हात

दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढी गर्दी लोटली होती की जेवणाची ढकलगाडी अडून पडली. मधोमध बाकावर भगवी शाल लपेटलेले नाडीमहाराज डोळे मिटून बसले होते. घाटंजीची एक म्हातारी त्यांचं डावं मनगट चाचपून सगळ्यांना सांगत होती, थांबली बापा, नाडीच थांबली. माणूस बसलेला, श्वास चालू, आणि नाडी नाही. लोकांनी चपला काढून हात जोडले.

बाबाराव भिंतीला टेकून कुढत उभा होता. महागावचा शेतकरी, गावच्या कीर्तनातला टाळकरी. टाळ हातात आले की तहानभूक विसरणारा. त्याच्या सात वर्षांच्या वैष्णवीच्या हृदयातलं छिद्र नागपूरला ऑपरेशन करून बुजवलं होतं, आणि पुढची देखरेख इथं यवतमाळला चालू होती. बायको घरी बाळंतीण, म्हणून पोरीची वेणी घालण्यापासून औषधाची वेळ पाळण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर. मदतीला मोठी बहीण सुखीबाई आली, आणि येताना महाराजांनाही घेऊन आली.

महाराजांचं शास्त्र मोठं सोयीचं होतं. रोग्याची बिघडलेली नाडी ते आपल्या अंगात ओढून घेत आणि मग आपली नाडी थांबवून रोगाला आतल्या आत मारत. रोग मेला की गोळी बंद. मेलेल्या रोगाला गोळी चारली तर तो उठून बसतो म्हणे. एवढं ऐकून सुखीबाईनं वैष्णवीच्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधून टाकल्या होत्या. सकाळची गोळी चुकली होती.

"अक्का, गोळ्या दे," बाबाराव पुन्हा म्हणाला.

"आधी हात लावून पाह्य, मंग बोल. कीर्तनात एवढा नाचतं, अन् दारी आलेला देव तुले दिसत नाही?"

हे त्याला लागलं. त्यानं पुढे होऊन महाराजांचं मनगट धरलं. ठेक्यात मुरलेली बोटं ती. नाडी टपटप चालली होती. मग मृदंग हळूहळू दूर जावा तशी बारीक होत होत खरंच गेली. डॉक्टर नको म्हणाले तरी आज स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोरीला घरी न्यायचं, असा बहिणीचा हट्ट होता. तीच खरी असली तर?

तेवढ्यात साधना सिस्टर वैष्णवीला फिरवायला घेऊन आल्या. पोरीचं छातीचं हाड अजून जुळत होतं, म्हणून हात वर करायची तिला बंदी होती. त्यामुळे कोण हात किती उचलतो, याच्यावरच तिची नजर असे. ती बापाचा सदरा ओढत म्हणाली, "पप्पा, या महाराजाइचंही ऑपरेशन झालं काय?"

"काहून वं?"

"तेही डावा हात उचलत नाहीत. शाल घसरली, तं उजव्या हातानंच सावरली."

बाबारावनं निरखून पाहिलं. महाराजांचं डावं कोपर बरगडीला घट्ट चिकटलेलं होतं. तो हात जोडून म्हणाला, एवढा चमत्कार झाला अन् देवाचं नाव न घेता उठायचं, हे बरं नाही. कीर्तनाच्या शेवटी करतो तसा गजर होऊ द्या. आणि त्यानं खणखणीत आवाजात विठ्ठलाचं नाव काढलं. व्हरांडाभर दोन्ही हात वर गेले. महाराजांचा एकच गेला.

"महाराज, दोन्ही. एका हातानं एसटी थांबते, देव नाही."

गर्दी हात वर धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. शेवटी महाराजांनी डावा हात उचलला. बंडीतून एक लिंबू पडलं आणि घरंगळत ढकलगाडीखाली गेलं.

साधना सिस्टरनी तिथंच समजावून सांगितलं, की हाताकडे जाणारी रक्ताची नळी काखेतून जाते. ती दाबली की मनगटावरची नाडी लागत नाही, हृदय मात्र चालूच असतं. बाबारावनं ते लिंबू स्वतःच्या काखेत दाबलं आणि मनगट बहिणीपुढे केलं. तिच्या बोटांखाली नाडी हरवली. सिस्टरनी त्याच्या छातीला लावलेल्या स्टेथोस्कोपमधून मात्र ठोके तिला लख्ख ऐकू आले.

"आता मीही महाराज झालो काय, अक्का?"

सुखीबाईनं पदराची गाठ सोडली. चुकलेल्या गोळीचं काय करायचं, ते विचारायला सिस्टर डॉक्टरांकडे गेल्या. महाराज चपला शोधत होते. आणि घाटंजीची म्हातारी ते लिंबू प्रसाद म्हणून मागत होती. बाबारावला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"आजी, देव मीही मानतो," तो म्हणाला. "पण माह्या पोरीचं छिद्र कसं बुजवलं, हे डॉक्टरनं मले चित्र काढून सांगतलं. ज्याले विचारलेलं चालत नाही, त्याच्यापाशी देव कायले बसंन? हात जोडा, पण डोळे उघडे ठेवून. अन् कोणाच्या सांगण्यावरून लेकराची गोळी बंद करू नका."

आपला गजर राहिलाच, म्हणून वैष्णवी हात उचलायला लागली. बाबारावनं तिची मनगटं अलगद धरून खाली घेतली. तुह्ये हात बरे झाल्यावर, कीर्तनात, असं तो म्हणाला. पण मनगटं लगेच सोडली नाहीत. त्याच्या बोटांखाली तिची नाडी ठेक्यात चालली होती.