दोन दारांमधली माझी येरझार

मी एक कडीचा डबा बोलतोय. स्टीलचा, ठेंगणा, झाकण जरा घट्ट. वच्छलाच्या लग्नात तिच्या मामानं मला अजिंठ्याच्या बाजारातून आणलं. दुकानदारानं माझ्या पोटावर ठोकून ठोकून तिचं नाव घातलं. लई दुखलं. पण एकदा नाव मिळालं की माणूस काय अन् डबा काय, ताठच राहतो.

वच्छलाचा नवरा सांडू चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि तान्ह्या पोरीला घेऊन आम्ही औरंगाबादेत भाड्याच्या एका खोलीत आलो. गावाकडं कढीपत्ता कुणी विकत घेतं का? शेजारच्या परसातून तोडून आणायचा. इथं त्यालाही पैसे. चुलीला सरपण नाही, स्टोव्हला रॉकेल. पोरीला वरचं दूध. पहिल्या दिवशी वच्छला भाजीवाल्याकडं अशी बघत राहिली, जणू त्यानं तिच्याच घरची कोथिंबीर तिला विकायला काढली होती.

सांडू एक दिवस जेवता जेवता म्हणाला, “ही खोली काय पेलत नाय आपल्याला. दिवाळीपर्यंत बघू. नाय जमलं तर तू पोरीला घेऊन गावाकडं जा. मी कारखान्यातल्या पोरांसंगं राहीन.”

पोर नुकतीच बापाला ओळखायला लागली होती. सायकल दारात टेकली की हातपाय झाडायची. गावाकडं नेली तर कधीमधी येणाऱ्या बापाला बघून ती परक्यासारखी रडेल, ही धास्ती वच्छलाच्या मनात बसली. तिनं चहा एका वेळेवर आणला, फोडणीचं तेल थेंबाथेंबानं सोडलं. एवढी जपून वागणारी बाई मग फसली कुठं? माझ्यामुळं फसली.

शेजारच्या खोलीत अनवरीभाभी राहायची. वैजापूरकडची, तीही शहरात नवीनच. तिचा नवरा कमरोद्दीन शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसायचा. एकदा गावाहून अंबाडी आली. वच्छलानं भाजी केली, मला भरलं आणि भाभीला दिलं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोघींनाही त्यांच्या आयांनी शिकवलेली. भाभीनं मला शेवयांनी भरून धाडलं.

खरं तर तिथं मिटलं होतं. पण अंबाडीच्या बदल्यात शेवया म्हणजे आपण हलके पडलो, असं वच्छलाला वाटलं. तिनं शेंगदाण्याचे लाडू धाडले. भाभीकडून शिरा आला. इकडून पुरणपोळ्या गेल्या, तिकडून गाजराचा हलवा आला. मी मजेत येरझाऱ्या घालत होतो. मी भरत चाललो होतो आणि दोन्ही घरं वाळत चालली होती.

हलवा चाखून सांडू म्हणाला, “भाभी लई मोठ्या घरची दिसती.”

“व्हय, म्हणून तर तिला साधं काय देता येत नाय,” वच्छला म्हणाली.

दिवाळी तोंडावर आली तशी सांडूनं गावाकडं न्यायचं सामान भरायला माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्या दुपारी हलव्याची फेड करायची म्हणून वच्छलानं खिरीसाठी दुधाची तपेली उचलली. घरात तेवढंच दूध होतं, पोरीचं. तिनं पोर निजलेल्या झोळीकडं बघितलं आणि तपेली खाली ठेवली. मग मला पुसलं आणि रिकामाच घेऊन निघाली. लाजेनं माझी कडी वाजायला लागली.

भाभीच्या दाराला आतून कडी होती. बऱ्याच वेळानं उघडली.

“भाभी, डबा आणलाय. पण त्यात काय नाय. घरात पोरीच्या दुधाबिगर काय नाय.”

भाभीनं मला घेतलं, झाकण काढून आत बघितलं, उलटा करून झटकलंसुद्धा. मग दारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“वच्छला, मैं तो चार दिवसांपासून कडी लावून बसलीय. तुझा डबा आला तर आता काय भरू म्हणून. हे म्हणतात, तुझी शेजारीण हमकू बेचकेच जायेगी.”

“मग दोघी काय खातोय आपण?”

“एकमेकींची लाज खातोय बाई.”

त्या दिवसापासून एका वेळेला दोघींपैकी एकीचाच स्टोव्ह पेटला. आज हिच्याकडं दोन्ही घरांचं वरण, उद्या तिच्याकडं. रॉकेल निम्म्यावर आलं, पोरीचं दूध पोरीलाच राहिलं. सांडू कुरकुरला, “आज बी वरणच का?”

“वरणच. उद्या बी वरणच, पण भाभीच्या हातचं. गावाकडं गेले तर तुम्हाला तेबी मिळायचं नाय.”

दिवाळी झाली. सांडूनं ट्रंक परत माळ्यावर टाकली.

आता शहराचं नाव बदललं, माझी कडी तुटली, झाकणही नीट बसत नाही. माझ्यात आता कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. तक्रार नाही. बायांनो, शेजारणीकडं धाडायचा डबा घरात पडला असेल आणि त्यात भरायला काही नसेल, तर तो कपाटात लपवू नका. आम्हाला अंधारात कोंडल्यासारखं होतं. तसाच उचला, तिच्या दारी जा आणि हातात द्या.