तसलं मॉडेल

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या पाठीमागे, फडक्याखाली असते. माझं खरं नाव स्त्रीची प्रजननसंस्था. पण इथे सगळे मला ‘तसलं मॉडेल’ म्हणतात. सांगाड्याच्या हाताला मुलं खुशाल टाळ्या देतात, माझ्याकडे बघायचीही चोरी.

कारागिराने मला मन लावून रंगवलं होतं. मधोमध मुठीएवढं गर्भाशय, बाळ वाढतं ते घर. त्याखाली योनिमार्ग. दोन्ही अंगांना अंडनलिका आणि त्यांच्या टोकांशी बदामाएवढी दोन अंडाशयं. साधारण दर महिन्याला त्यांतल्या एकातून बीज सुटतं. गर्भ राहिला नाही, की गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं, तीच पाळी. माझा प्रत्येक भाग काढून हातात घेता येतो, त्यावर नावही आहे. पण विज्ञानाच्या बाई त्या धड्यापाशी आल्या, की खडू खाली ठेवायच्या. तसला धडा घरी वाचा, म्हणायच्या. घरी कोण वाचतंय!

आठवीत एक मुलगी होती, मैत्रिणी तिला चिमणी म्हणत. ती बरेच दिवस आली नाही, तेव्हा तिची आई रजेचं सांगायला बाईंकडे आली आणि माझ्यासमोरच रडली.

“तसल्या जागी दुखतंय म्हणाली हो. मला वाटलं, पाळीचं. म्हटलं, तसलं दुखणं आपल्या पाचवीलाच पुजलंय. पडून राहा.”

चिमणी पडून राहिली. उलट्या झाल्या तरी दोन दिवस पोट शेकत राहिली. अंडाशयाला पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. दवाखान्यात नेलं, तोवर ते मेलं होतं.

“मग?” बाईंनी विचारलं.

“तसलं... एक काढलं.”

बाईंनी मान हलवली. मी हातभर अंतरावर होते. फडकं कोणीच उचललं नाही.

पुढे एका मधल्या सुट्टीत चिमणी एकटीच आली. तिने माझं उजवं अंडाशय काढून तळहातावर घेतलं आणि त्यावरचं नाव अक्षर लावत वाचलं. “एवढंसंच होतं,” ती म्हणाली. मग जागच्या जागी बसवून तिने मला पुन्हा नीट झाकलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका हवं तर. पण माझी नावं तोंडाने घ्या. सांगून काही होईल असं आता वाटत नाही. आजच नव्या आठवीचा तो तास होता. बाईंनी खडू खाली ठेवला.