पुढेसरांची संथा

माझ्या सासऱ्यांना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘पुढेसर’ म्हणायचे. जन्मभर त्यांनी संस्कृत शिकवलं, शाळेत आणि घरीही, पण तोंड भरून शाबासकी कुणाला दिली नाही. पाठ बिनचूक आला की एकच शब्द, ‘पुढे.’ तेवढ्यासाठी मुलं जिवाचं रान करायची म्हणे. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला तो कधीच आला नाही, म्हणून तो संस्कृतच्या नावाने अजून बोटं मोडतो.

मेंदूत गुठळी झाली आणि बाबांची मराठी गेली. होती नव्हती तेवढी सगळी. उरलं ते लहानपणी घोकलेलं संस्कृत, तेही सुटं सुटं. मी औषधांच्या दुकानात काम करते, अवघड नावांना घाबरणारी नाही. पण तहानेने कासावीस झालेला माणूस ‘तोयम्’ म्हणून बोट वर करतोय आणि आपण त्याच्यापुढे उशी, चष्मा, रेडिओ नाचवतोय, अशा वेळी माझंही डोकं फिरायचं. ते चिडून हाताला येईल ते भिरकावत. एकदा पेला आईंच्या कपाळाला लागला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने शुश्रूषागृहात जागेची चौकशी केली. ‘आई, तुला त्यांचं कळत नाही, त्यांना तुझं कळत नाही. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर त्यांना तिकडे हलवू.’

आई कपाळावर बर्फ धरून म्हणाल्या, ‘मी असताना?’ रात्री त्या जेवल्या नाहीत. त्यांच्यासाठी माझा जीव तुटत होता.

मग स्पीच थेरपिस्ट यायला लागली. गोड मुलगी, चित्रांचे पत्ते घेऊन. तिने पेल्याचं चित्र दाखवलं. ‘पाणी. म्हणा, आजोबा, पाणी.’

‘तोयम्,’ बाबा म्हणाले आणि बोट वर करून तिच्याकडे बघत राहिले.

‘नाही हं. पाणी.’

‘तोयम्!’ बोट तसंच वर.

तिने माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. ‘सांगितलेलं त्यांना समजतच नाहीये असं दिसतं.’

आई दाराशी भाजी निवडत होत्या. त्या ताडकन उठल्या. ‘अहो बाई, सगळं समजतंय त्यांना! ते तुम्हाला शिकवतायत!’

घरी ते संथा देत त्याची रीत ठरलेली होती. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. शिष्य दोनदा म्हणेपर्यंत गुरूचं बोट खाली येत नसे. जो माणूस जन्मभर एकदा म्हणून थांबला, तो या वयात दुसऱ्याच्या मागून कसा म्हणणार? इतके दिवस ते आम्हाला पाठ देत होते आणि आमच्यातला एकही दगड दोनदा म्हणत नव्हता.

आई त्यांच्यासमोर बसल्या. ‘तोयम्, तोयम्.’

बोट खाली आलं. आईंनी पुढे केलेला पेला त्यांनी शहाण्या मुलासारखा रिकामा केला. थेरपिस्टने आपले पत्ते गोळा केले आणि आईंच्या हातात दिले.

लग्न झालं तेव्हा आईंनी म्हटलं होतं, मलाही शिकवा. बाबा म्हणाले होते, ‘नंतर बघू.’ ‘एवढं नंतर असेल असं वाटलं नव्हतं गं,’ आई मला म्हणाल्या आणि दोघी खूप हसलो.

मग त्या हात धुऊन संस्कृतच्या मागे लागल्या. मी दुकानातून आले की नवा खजिना उघडायच्या. ‘आपण नुसतं खिडकी म्हणतो. हे म्हणतात वातायन. वाऱ्याची वाट! आणि पाणी देतो तो जलद, पाण्यात जन्मतं ते जलज, पाण्याचा साठा तो जलधी. एका पाण्यावर केवढा संसार मांडलाय बघ!’ इतकी वर्षं भिंतीपलीकडून नुसता सूर ऐकला होता, आता त्यातली माणसं ओळखीची झाल्यासारख्या त्या खुलायच्या. बाबांचं भिरकावणं थांबलं. नवरा मात्र ऐकेना. ‘पोपटपंची आहे. उद्या छातीत दुखलं तर काय श्लोक म्हणणार?’

महिनाअखेर आली. शुश्रूषागृहाला होकार कळवायचा म्हणून तो फोन हातात घेऊनच खोलीच्या दारात आला. आई पाण्याच्या नावांची अख्खी माळ म्हणून दाखवत होत्या. मांडीवर हात घट्ट आवळलेले, डोळे मिटलेले. शाळेतल्या पोरीसारख्या घाबरल्या होत्या. दोनदा अडखळल्या, दोनदा बोट वर झालं, दोनदा त्या मागे जाऊन पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट हललं नाही.

बाबांचे ओठ वेडेवाकडे झाले. घशातून नुसताच आवाज आला. मग त्यांनी श्वास घेतला.

‘पुढे.’

स्वच्छ मराठीत.

नवऱ्याचा फोन धरलेला हात खाली आला. आईंचे डोळे भरून वाहत होते, पण तोंड कुठलं गप्प बसतंय. ‘पुढे काय पुढे? पुढचं शिकवलंय कुठे तुम्ही अजून?’

बाबा सावरून बसले, पुढची ओळ एकदा म्हणाले आणि बोट वर केलं, आईंकडे नाही, दारात उभ्या असलेल्या मुलाकडे. तो आत आला, आईंशेजारी जमिनीवर बसला. आम्ही तिघांनी ती ओळ दोनदा म्हटली.