तीस हजार एकतीस

मास्तरांना अर्धांगाचा झटका आला त्याला तीन महिने झाले. हात सुधारला, चमचा धरता येऊ लागला, पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. चाळीस वर्षं गणित शिकवताना ज्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा, ते आता खिडकीकडे तोंड करून बसून असत. "त्यांना आवडतं ते बोलत राहा," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आतून ओढ लागली तर शब्द येईल. फार दिवस गेले तर मात्र अवघड आहे."

आता मास्तरांना आवडायच्या त्या संख्या. आणि त्यांच्या बायकोचं गणित म्हणजे छाती, कंबर आणि बाहीची लांबी. सगळा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. पण गरज पडली की माणूस काय करत नाही! तिनं माळ्यावरून नवऱ्याची जुनी पुस्तकं काढली आणि साठी उलटल्यावर अभ्यासाला बसली. रोज दुपारी कापडावर खुणा करायच्या खडूनं ती कापायच्या टेबलावर एक संख्या लिहायची आणि तिची जातकुळी सांगायची.

"अहो, ही आठ हजार एकशे अठ्ठावीस. स्वतःला सोडून हिला ज्यांनी ज्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज केली की पुन्हा हीच येते. परिपूर्ण संख्या! तुमच्या-माझ्यात आहे का कुणी एवढं परिपूर्ण?"

मास्तर खिडकीकडेच. मग ती स्वयंपाकघरात जायची, भांडी आपटायची, डोळे पुसून परत यायची.

त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती, कारण संख्या पुस्तकातली नव्हती, तिची स्वतःची होती. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार केला आणि वर एक मिळवला: तीस हजार एकतीस. या सहांपैकी कुणानंही भागा, बाकी एक उरतेच.

"म्हणजे हिला कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या! मी शोधली, मी!" तिनं खडू खाली ठेवला. तेराच्या पुढच्यांनीही भागून पाहावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

खिडकीकडचं तोंड वळलं. कपाळावर आठी पडली, वर्गाला घाम फोडणारी. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

"ए... एकोण... साठ."

तिनं भागाकार मांडला. पाचशे नऊ. बाकी शून्य. बायकोच्या रडण्यानं जो माणूस बोलला नाही, त्याला चुकीचं गणित काही सोसवलं नव्हतं! हसावं की रडावं तिला कळेना. तिनं दोन्ही करून घेतलं. मग घाईघाईनं दुसरी संख्या लिहिली.

"एक्याण्णव. ही तरी मूळच ना?"

"सात."

"बरं, सत्त्याऐंशी?"

"तीन." हा शब्द लवकर आला.

"आणि एकावन्न? ही तर मूळच, पैज लावते!"

मास्तर बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तोंडाची एकच बाजू हसली.

"ल... लबाड."

"आहेच मुळी," ती त्यांचा हात धरून म्हणाली. "पुन्हा म्हणा."