लाल वही

नव्याने रुजू झालेल्या नर्सेसना पहिल्या दिवशी सगळं दाखवून झालं. ऑक्सिजनचा कॉक कसा फिरवायचा, वापरलेल्या सुया कुठल्या डब्यात टाकायच्या, हात किती वेळ धुवायचे. मग इन्चार्ज सिस्टरने दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"आता पुस्तकात नाही ते सांगते. इथे माणसं मारतात. नातेवाईक मारतात, पेशंटही मारतात. अंगावर कोणी आलं तर किंचाळायचं नाही, त्याने तो जास्त पिसाळतो. शांतपणे म्हणायचं, 'लाल वही आणा.' आपल्या वॉर्डात लाल वही नाही. एकही नाही. जिच्या कानावर पडेल तिने गार्डला घेऊन धावायचं."

पंधरा जणींनी माना हलवल्या. सोळावी शेजारच्या खोलीत गणवेशाचं माप देत होती.

"तुझी नणंद ना ती?" सिस्टर एकीला म्हणाली. "तिला तू सांग."

"सांगते," भावजय म्हणाली. आणि सांगितलं नाही.

सकाळीच दोघींचं वाजलं होतं. एका घरच्या दोघी, एका बसने आलेल्या, एकाच कागदावर सह्या केलेल्या. नणंदेची बट कपाळावर आली, तर भावजयीने दातांत पिन धरून, लेकराला विंचरावं तसं तिचं डोकं चारचौघींत खाली दाबलं आणि बट खोचली. पोरी फिदीफिदी हसल्या. नणंद फणकारली, "इथे तू वहिनी नाहीस माझी. आणि आई तर कुठेच नाहीस."

सासू गेल्यापासून पाच वर्षं त्या डोक्याला तेल वहिनीनेच लावलं होतं. शब्द लागला, खोल लागला, आणि तिने अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी दोघींना बायकांच्या वॉर्डात एकत्र टाकलं. दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत भावजय एका बाईच्या जबड्यावरची पट्टी बदलत होती. जबडा नवऱ्याने फोडला होता. तोच नवरा आत आला आणि आल्या आल्या त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला.

"ऊठ. घरी चल."

बाई टेबलाखाली सरकली. भावजय मध्ये उभी राहिली. दाराच्या फटीतून बाहेर ट्रॉली पुसणारी नणंद तेवढी दिसत होती. तिला खूण सांगितलेली नव्हती, पण ती वही शोधत फिरली तरी कोणाच्या ना कोणाच्या कानावर पडणार होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "लाल वही आणा बरं."

वन्सं! एरवी 'अगं' म्हणणारी वहिनी टोमणा मारायचा असला की 'वन्सं' म्हणायची. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते हुकूम सोडायला!

"का, तुझे हात मोडलेत?" नणंदेने मान न वळवता विचारलं.

"वन्सं. लाल वही."

"आणते, महाराणी."

ती सावकाश निघाली. मुद्दाम सावकाश. कपाट उघडलं. निळी वही निघाली, हिरवी निघाली, काळ्या पुठ्ठ्याची निघाली. लाल काही निघेना. मागे खणकन काहीतरी पडलं. ट्रे पाडला वाटतं, आता उचलायलाही मलाच लावेल, ती पुटपुटली. फरशी पुसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, "मावशी, लाल वही कुठे ठेवतात हो?"

मावशींच्या हातातला पोछा गळून पडला. "कोण मागतंय?"

"आमची वहिनी."

"अगं मेले, मारतंय कोणीतरी तिला!" मावशी गार्डच्या नावाने बोंब ठोकत जिन्याकडे धावल्या.

नणंद मागे फिरली. दार ढकललं तर भावजय टेबलाच्या पायाशी कोसळलेली, उजवा हात कोपराखाली वाकू नये तिथे वाकलेला, तरी टेबलापुढून हललेली नव्हती. त्याने स्टँड पुन्हा डोक्यावर उगारला होता.

नणंदेने त्याच्या पाठीवर झेप घेतली. बोटं डोळ्यांत खुपसली, दात कानात रोवले. त्याने तिला भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. फळीवरच्या बाटल्या फुटल्या. तोंडात रक्ताची चव आली, त्याचं की आपलं कळेना. तिने सोडलं नाही.

गार्ड आले. तिघांनी मिळून त्याला पालथा पाडला. तो पडल्यावरही ती स्टीलचा ट्रे घेऊन त्याच्या डोक्यात घालत राहिली. मावशींनी तिच्या कमरेला मिठी घालून तिला ओढलं. "पुरे गं, मरेल तो!"

"मरू दे!"

पण तेवढ्यात तिची नजर भावजयीच्या बोटांवर गेली. बोटं पांढरी पडली होती. तिने मनगट चाचपलं. नाडी लागेना.

डॉक्टर आले. "हाडाखाली रक्तवाहिनी दबलीय. आत्ताच ओढून बसवायला हवं. इंजेक्शनचा असर व्हायची वाट बघितली तर हात जाईल. वरून दंड कोण धरतंय?"

"मी," नणंद म्हणाली.

इन्चार्ज सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "हिला सांगितलं नव्हतं का कोणी?"

"मी नाही सांगितलं," भावजय पुटपुटली. "राग होता."

नणंदेने गुन्हा वहिनीच्या पदरात पडू दिला असता, तर कोणाला कळलंही नसतं.

"मी मुद्दाम हळू चालले, वहिनी," ती म्हणाली. "तुला ताटकळत ठेवायचं म्हणून."

भावजयीने डोळे उघडले.

"मग आता तरी घट्ट धर."

डॉक्टरांनी ओढलं. किंकाळी वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. भावजयीच्या डाव्या हाताची नखं नणंदेच्या दंडात रुतली, कातडी सोलून निघाली. हाड कटकन बसलं.

मग दोघी श्वास रोखून एकदमच वाकल्या, बोटांत रक्त उतरतंय का ते बघायला.