डावीकडची नळी

सभागृहात खुर्च्या चारशे आणि माणसं सहाशे. उरलेली दारात, जिन्यावर, एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत उभी होती. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला जीनगुरू माईक ओठांना चिकटवून बोलत होता.

"डॉक्टर जीन थेरपी करतात म्हणजे काय करतात? विषाणू टोचतात. आणि मी? नुसता हात ठेवतो. माझ्या तळहातातून निरोगी जीन थेट तुमच्या रक्तात. साइड इफेक्ट शून्य."

टाळ्या पडल्या. शून्य म्हटलं की माणसं खूश होतात.

मग त्याने हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, एका रोग्याला, एका तरुण रंगाऱ्याला, वर बोलावलं. बोटाला सुई टोचून चार थेंब डावीकडच्या नळीत घेतले. नळी हळुवार उलटसुलट केली. रक्त पातळ ते पातळच. मग त्याने रंगाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले, पुटपुटला आणि पुढचे थेंब उजवीकडच्या नळीत घेतले. दोन मिनिटांत गोळा झाला. नळी उपडी केली तरी पडेना.

"साध्या काचेच्या नळ्या आहेत. कुठल्याही दुकानात मिळतात. सगळ्या एकसारख्या," गुरू म्हणाला.

तिसऱ्या रांगेत रक्त तपासणारी एक लॅबवाली बसली होती. शेजारी तिची ताई आणि ताईच्या मांडीवर आठ वर्षांचा भाचा. त्याचा डावा गुडघा सुजून तांबडा झाला होता.

रंगाऱ्याचा हाच आजार त्यांच्या घरात आईकडून आलेला. दीड वर्षापूर्वी त्यांचा धाकटा भाऊ याच माणसाच्या शब्दावर इंजेक्शनं सोडून बसला आणि डोक्यात रक्तस्राव होऊन गेला. "त्याची श्रद्धा कमी पडली," असा निरोप गुरूने पाठवला होता. लॅबवालीने तेव्हापासून डूख धरला होता. माफ करायचा विचारही तिच्या मनाला कधी शिवला नाही.

आणि आता भाचा. त्याचं शरीर रक्त गोठवणाऱ्या औषधालाच शत्रू समजून हाणून पाडत होतं. म्हणून डॉक्टरांनी रोज, न चुकता तेच औषध टोचायला सांगितलं होतं. नव्या माणसावर घरातलं कुत्रं भुंकतं, पण तो रोज येत राहिला की गप्प होतं, तसं. सात महिन्यांत भुंकणं जवळजवळ थांबलं होतं. तेवढ्यात गुरूने ताईच्या कानात सांगितलं, "शरीर नको म्हणतंय, तर कशाला टोचता?" ताईने नऊ आठवडे बंद ठेवलं. आज पोराला 'पूर्ण बरा' म्हणून जाहीर करायचं होतं आणि बंद ठेवलेलं औषध कायमचं सोडायचं होतं.

लॅबवालीचं गुरूच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. ती हात पाहत होती. डावी नळी त्याने नेमकी आठ वेळा उलटी केली होती, मनगट सैल ठेवून. तळाला न गोठवणारी पूड असलेली नळी अशीच फिरवायची, हे लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. हे मंत्रातलं नव्हतं. हा माणूस कधीतरी तिच्याच धंद्यात होता.

भाच्याचं नाव पुकारलं तेव्हा तीच त्याचा हात धरून वर गेली.

"गुरुजी, आधी तुमचंच रक्त दाखवा ना," ती लाघवीपणे म्हणाली. "निरोगी रक्त कसं असतं, ते लोकांना कळू दे."

"त्याची गरज नाही, बाई."

"दाखवा, दाखवा," खालून आवाज आले. भक्तच ते, त्यांना गुरूचं रक्तही दर्शनासारखं.

त्याने नाइलाजाने बोट पुढे केलं. तिने सफाईने सुई टोचली आणि ताटात डावीकडे ठेवलेली दुसरी कोरी नळी उचलली.

"ती नको. ही घ्या."

"का? सगळ्या एकसारख्याच ना? तुम्हीच म्हणालात."

माईक चालू होता. तिने थेंब घेतले, नळी आठ वेळा उलटी केली आणि समोर धरली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रक्त पाण्यासारखं हलत होतं.

"अरेरे," लॅबवाली म्हणाली. "गुरुजींना तर हिमोफिलिया झाला."

हशा उसळला. रंगारी उठला. "माझं रक्त उजवीकडच्या कोऱ्या नळीत घाला. हात ठेवू नका, मंत्र म्हणू नका." गुरूला दहा पावलं लांब उभं केलं. दोन मिनिटांत गोळा झाला.

"डावीत रक्त गोठू न देणारी पूड आहे आणि उजवीत गोठवणारी," ती म्हणाली. "उजवी पूड रक्ताचा शेवटचा टप्पा थेट उरकते. ज्या घटकाची यांना कमतरता आहे, तो तिथे लागतच नाही. म्हणजे नळीत गोळा होतो आणि माणूस होता तसाच राहतो. माझा भाऊ तसाच राहिला, म्हणून मेला."

गुरू मागच्या दाराकडे सरकला. तिथे रंगारी उभा होता. "बसा. पोलिसांना कळवलंय, ते येईपर्यंत बसा," तो म्हणाला. गुरू घामाघूम होऊन बसला, आणि लॅबवालीला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

"जीन थेरपी खरी आहे," तिने लोकांना सांगितलं. "पोकळ केलेल्या विषाणूतून चांगलं जीन यकृतात पोचवतात. शरीर त्या विषाणूवरही तुटून पडतं, म्हणून आधी चाचण्या आणि नंतर वर्षानुवर्षं देखरेख. धोका आहे, हे डॉक्टर तोंडावर सांगतात. शून्य म्हणणाऱ्याला विचारा, मोजलं कोणी? आणि जो इलाज विकतो, त्याच्याच नळीत तपासणी करू देऊ नका. एवढं केलंत तरी घरातली माणसं वाचतील."

ती पोराला घेऊन खाली आली, तेव्हा ताई डॉक्टरांना फोन लावून बसली होती.

"नऊ आठवडे दिलं नाही, डॉक्टर. झालेले सात महिने धरता येतील ना?"

पलीकडून उत्तर आलं. ताईने फोन खाली ठेवला आणि पोराच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"पहिल्यापासून सुरू करायचं," ती बहिणीला म्हणाली. "आणि या वेळी शरीर मानेलच असं नाही, म्हणाले."